अण्णांची मूठ

बेंगळूरला मला राहायला जागा मिळाली ती एका लाकडी सांगाड्यामुळे. एजंटनं फाटक उघडलं, समोर पोर्चमध्ये मोटारीच्या जागी तो सांगाडा आडवा पडलेला होता, आणि मी न राहवून स्वतःशीच बोलले, "अगंबाई, कुरी! पण हिला एवढे दाते कशाला?"

आतून लगेच आवाज आला. "कोण म्हणालं ते?"

सत्तरीच्या आसपासचे, खाकी अर्धी पँट आणि इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेले एक गृहस्थ बाहेर आले. एका हातात पाना, दुसऱ्या हातात कॉफीचा पेला. एजंटकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. "कुरी म्हणालात तुमी. पाभर नाही म्हणालात. कुठल्या गावच्या?"

"मिरजेच्या पुढची. पेरायच्या अवजाराला आमच्याकडे कुरीच म्हणतात."

"तुमच्या कुरीला दाते किती?"

"तीन. कधी चार."

"हिला बारा!" ते असे म्हणाले की जणू बारा मुलांचे बाप होते. "रागीची आहे ही. रागी म्हणजे तुमची नाचणी. इकडे कूरिगे म्हणतात. कुरी आणि कूरिगे, बगा, बहिणीच की! तुमच्या आधी एकोणीस लोक आले खोली बघायला. एकानं विचारलं, ही बासरी आहे काय. एकानं विचारलं, ही कधी हलवणार, मला गाडी लावायचीय." मग त्यांनी पाना खिशात घातला आणि एजंटला सांगितलं, "खोली दिली."

खोली मी अजून बघितलीही नव्हती.

गल्लीत सगळे त्यांना अण्णा म्हणत आणि त्यांच्या बायकोला अक्का. नवरा-बायकोला मोठा भाऊ आणि मोठी बहीण म्हणायचं मला पहिले काही दिवस फार चमत्कारिक वाटे. पण त्यांचं घराणं बेंगळुरात कितीतरी पिढ्यांपासूनचं, मराठी घरात बोलायची आणि बाकी सगळं कानडी, त्यामुळे त्यांना त्यात काही वावगं वाटत नसे. त्यांची मराठीही जुनी आणि आपलीच एक वेगळी होती. "स्वल्प थांबा" हे त्यांचं आवडतं वाक्य. ते म्हटलं की पुढचा अर्धा तास गेला असं समजायचं.

अण्णा शेतकरी नव्हते. हे मला कळायला दोन महिने लागले, कारण ते पेरणीबद्दल अशा अधिकारानं बोलत की माझे वडीलही त्यांच्यापुढे गप्प बसले असते. यशवंतपूरच्या बाजूला एका कारखान्यात त्यांची सगळी नोकरी झाली होती, ओतकामासाठी लाकडाचे साचे करण्यात. निवृत्त झाल्यावर एका ओळखीच्या सुताराची शेड पाडली जात होती, तिथून त्यांनी एक लाकडी वाटी उचलून आणली. वाटीच्या तळाला सारख्या अंतरावर सहा भोकं. हे काय असेल, हे त्यांना समजेना. साऱ्या आयुष्यात लाकडाची एखादी वस्तू बघून ती कशासाठी आहे हे कळलं नाही, असं त्यांच्या बाबतीत झालंच नव्हतं. त्यांनी चौदा जणांना विचारलं. पंधरावा भाजीवाला निघाला, त्यानं सांगितलं की हे पेरणीचं चाडं. ह्यात मुठीनं बी सोडायचं, ते भोकांतून बांबूच्या नळ्यांत जातं आणि नळ्यांतून जमिनीत.

"एका वाटीतून सहा ओळी, आणि मोजायला कोण? तर माणसाची मूठ!" हे सांगताना अण्णांचे डोळे अजून विस्फारायचे. "आमच्या कारखान्यात एवढं काम करायला तीन यंत्रं लागली असती."

तेव्हापासून घरात लाकूड येऊ लागलं. तिफणी, चाडी, एकेरी नळीची मोघडं, जुन्या इंग्रजी बनावटीचं बिडाचं एक हातपेरणी यंत्र. अक्कांनी त्याच्याशी एक प्रकारचा तह केला होता. पोर्च अण्णांचा, पण पोर्चमधल्या सर्व वस्तूंवर वाळवणं घालायचा हक्क अक्कांचा. बारा दात्यांच्या कुरीच्या दिंडावर, म्हणजे दाते बसवलेल्या आडव्या लाकडावर, कायम काहीतरी वाळत असे, कधी सांडगे, कधी अण्णांचेच शर्ट. "माझ्या लग्नात आलं नसेल एवढं सामान ह्यांनी निवृत्तीनंतर आणलं," असं त्या आल्यागेल्याला सांगत, आणि तरीही कडुनिंबाचं तेल संपत आलं की दुकानातून न विसरता आणत. दर रविवारी अण्णा सगळ्या लाकडांना ते तेल चोळत. त्या वासानं माझ्या खोलीत डास म्हणून यायचा नाही.

एकदा बोलता बोलता माझ्या तोंडून निघून गेलं की आमच्या घरची कुरी वडिलांनी ट्रॅक्टर घेतल्यावर बंबात घातली. तीन हिवाळे अंघोळीचं पाणी तापलं तिच्यावर. अण्णांनी पेला खाली ठेवला. "जाळली? बाभळीची कुरी?" पुढचे दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी जिन्यात भेटले तेव्हा एवढंच म्हणाले, "चाडं तरी ठेवायचं की हो."

ते बिडाचं यंत्र मात्र त्यांचं विशेष लाडकं. पुढे एक चाक, मागे दोन दांडे, मध्ये बियांचा डबा आणि डब्याच्या तळाशी भोकांची फिरती तबकडी. चाक फिरलं की तबकडी फिरायची आणि टक् टक् करत एकेक बी खाली पडायचं. वापरलं नाही तर यंत्र गंजतं म्हणून अण्णा रोज सकाळी ते घेऊन फिरायला जात. गल्लीत लोक कुत्री घेऊन फिरत आणि अण्णा हे. रस्त्याच्या कडेच्या मातीतून ते ढकलत जायचे, ट्रान्सफॉर्मरला वळसा घालून बसथांब्यापर्यंत आणि परत. कुत्र्यांनाही सवय झाली होती.

एकदा तबकडीची परीक्षा घ्यायला म्हणून त्यांनी डब्यात मेथ्या घातल्या आणि काढायला विसरले. दुसऱ्या दिवशी यंत्र नेहमीसारखं फिरून आलं. नंतर दोन दिवस पाऊस झिमझिमत राहिला. पाच-सहा दिवसांनी अक्का दूध आणायला फाटकाबाहेर पडल्या आणि त्यांना रस्त्याच्या कडेनं हिरवी, सरळ रेघ गेलेली दिसली. मेथी! चार-चार बोटांवर एकेक रोप, पट्टीनं आखल्यासारखं. अक्का मेथीमागून चालत निघाल्या. रेघ ट्रान्सफॉर्मरला वळसा घालून गेली, तिथून बसथांब्याकडे न जाता डावीकडे वळली, आणि बेकरीच्या दारात मेथीची चांगली गच्च जुडी उगवलेली होती. तिथे अण्णा उभ्या उभ्या खारा बन खायचे, आणि खाताना यंत्र एका हातानं मागेपुढे करायचे, लहान मुलाचा पाळणा हलवावा तसे. डॉक्टरांनी मीठ आणि मैदा बंद करून तेव्हा आठ महिने झाले होते.

अक्कांनी भांडण केलं नाही. बेकरीच्या दारातली सगळी मेथी उपटून आणली आणि त्या रात्री भाजी केली. ताटात वाढताना म्हणाल्या, "बेकरीतून आणलीय. खावा."

अण्णांनी मान खाली घालून खाल्ली. पण हात धुताना मला हळूच म्हणाले, "अंतर बघितलंत? एक रोप चुकलेलं नाही."

त्यांची वस्तूंबद्दलची मतं ठाम होती. पहिलं म्हणजे, कुठलीही वस्तू आधी उघडायची आणि मग तिच्याबद्दल बोलायचं. आणि दुसरं, भिंतीवर टांगलेली वस्तू मेलेली. ह्या दुसऱ्या मतामुळे मला एकदा भर हॉटेलात टेबलाखाली जावंसं वाटलं होतं.

माझं प्रमोशन झालं म्हणून मी दोघांना जेवायला नेलं. नवीन हॉटेल होतं, खेड्याच्या थाटाचं. दारात बैलगाडीचं चाक, आत कंदील, आणि आमच्या टेबलाच्या बरोबर वर सहा दात्यांची कूरिगे, नळ्यांत पिवळे दिवे घालून टांगलेली. मी मनात म्हटलं, संपलं. अण्णांनी वर बघितलं. मेनूकार्ड मिटलं.

"उलटी टांगलीय."

"अहो, बसा की," अक्का म्हणाल्या.

"चाडं खाली आणि दाते वर! माणसाला पाय वर करून टांगल्यासारखं आहे हे." आणि अण्णा बूट काढून खुर्चीवर चढले.

मॅनेजर धावत आला. "सर, प्लीज, वो डेकोरेशन है!"

"डेकोरेशनचं डोकं खाली आहे. शिडी आणा."

बाकीची टेबलं जेवायची थांबली. मॅनेजर सुरक्षारक्षकाला हाक मारायच्या बेतात होता, तेवढ्यात वाढप्यांपैकी चाळिशीचा एक माणूस पुढे आला आणि कानडीत म्हणाला, "ते म्हणतायत ते खरं आहे, सार. मी पहिल्या दिवसापासून बघतोय. आमच्या घरी आहे अशी." आणि तोच शिडी घेऊन आला. दोघांनी मिळून पंचवीस मिनिटांत कूरिगे उतरवली, सुलटी केली, एक नळी चुकीच्या भोकात होती ती बदलली आणि पुन्हा टांगली. सुलटी झाल्यावर ती खरंच वेगळी दिसायला लागली, आता चालू पडेल अशी. पलीकडच्या टेबलावरच्या एका आजोबांनी टाळ्या वाजवल्या. आमचं जेवण गार झालं होतं, पण मॅनेजरनं पायसम फुकट पाठवलं आणि अण्णांना हळूच विचारलं की त्यांच्या दुसऱ्या शाखेत एक नांगर आहे, तो बरोबर आहे का.

त्या वाढप्याचं गाव होसकोट्याच्या पलीकडे होतं. त्याच्या घरची कूरिगे बारा दात्यांची, आणि ती माळ्यावर पडून होती. नळ्या किड्यांनी खाल्ल्या होत्या. "अव्वा रोज बोलते तिच्याबद्दल," तो म्हणाला. अव्वा म्हणजे त्याची आई. त्यांचं एकरभर रान होतं, पण आजूबाजूला गोदामं झाली. तीन बाजूंना गोदामांच्या भिंती, चौथ्या बाजूला जेमतेम बैल जाईल एवढी वाट. ट्रॅक्टर आत शिरू शकत नव्हता. दोन वर्षं रान पडीक होतं. शेजाऱ्याकडे बैलांची जोडी अजून होती, पण पेरायला अवजार नव्हतं.

अण्णा दुसऱ्याच दिवशी होसकोट्याला गेले. मग आठवड्यातून तीनदा जाऊ लागले. बांबू त्यांनी स्वतः निवडला, नळ्या कापल्या, आतून तासल्या, बारा भोकं कारखान्यातल्या मोजमापानं एकसारखी केली. मे महिना संपायच्या आत ती कूरिगे अशी तयार झाली की वाढप्याची आई, सगळ्यांची अज्जी, तिच्याभोवती दोनदा फिरली आणि म्हणाली, "माझ्या लग्नाच्या वेळी अशी होती."

जूनमध्ये दोन चांगले पाऊस झाले. वापसा आला, म्हणजे माती पेरण्याजोगी झाली, आणि शनिवारी पेरणी ठरली. मला सुट्टी होती म्हणून मीही अण्णांबरोबर गेले. तिथे पोचलो तर अज्जीचा उजवा हात प्लास्टरमध्ये. चार दिवसांपूर्वी गोठ्यात पाय घसरून मनगट मोडलं होतं. त्या घरात चाड्यावर मूठ धरायची ती अज्जीनंच. मुलाला ते कधी जमलं नव्हतं. ओल फार तर दोन दिवस टिकणार होती.

अज्जीनं चाळलेल्या वाळूत रागी कालवून ठेवली होती. बी मोहरीपेक्षाही बारीक, नुसतं धरलं तर मुठीतून पाण्यासारखं निघून जातं, म्हणून वाळू. तिनं डाव्या हातानं बियांची पिशवी उचलली आणि सरळ अण्णांच्या हातात दिली. "धर. तुझ्यापेक्षा हिला कोण ओळखतं?"

अण्णांनी पिशवी कमरेला बांधली. मला वाटलं, आता बघण्यासारखं काही बघायला मिळणार. ह्या मुठीबद्दल मी दोन वर्षं ऐकत आले होते: अंगठा कसा ठेवायचा, करंगळीनं कसं अडवायचं, मनगट कसं फिरवायचं. शेजाऱ्यानं बैलांना हाक दिली, बारा दाते मातीत उतरले आणि अण्णा चाड्यावर मूठ धरून चालू लागले.

चौथी फेरी संपली. अज्जी बांधावरून उठली, रान ओलांडून आली आणि तिनं पिशवीत डोकावून बघितलं. निम्मं बी संपलं होतं. रान पाव झालं होतं.

"किती वर्षं पेरतोयस?" तिनं विचारलं.

अण्णांनी घाम पुसला. खोटं बोलायला वेळ होता, मी बघत होते. ते म्हणाले, "आज पहिल्यांदाच."

अज्जीनं कूरिगेकडे बोट केलं. "मग इतके दिवस काय करत होतास?"

"दुरुस्ती."

अज्जी इतकी हसली की तिला प्लास्टरचा हात दुसऱ्या हातानं धरावा लागला. शेजारी हसला, वाढपी हसला, गोदामाच्या भिंतीवरून बघणारे दोन वॉचमन हसले. अण्णांनी पिशवी सोडायला सुरुवात केली तशी ती एकदम थांबली. "सोडायची नाही. ज्यानं सुरू केलं त्यानंच संपवायचं." तिनं उरलेल्या बियांत आणखी वाळू घातली आणि उरलेला वेळ अण्णांच्या बाजूनं चालत राहिली. "घट्ट! अजून घट्ट! आता सोड! अरे, भिकाऱ्याला देतोयस काय, सोड म्हटलं ना!" दुपारपर्यंत रान संपलं. मागून काटेरी फांदी ओढून बी झाकलं, आणि आम्ही बसनं परत आलो.

पुढचे दहा दिवस बिडाचं यंत्र पोर्चमध्ये उभं, फिरायला कोणी नेईना. अक्का वर येऊन मला म्हणाल्या, "काल मी त्यांच्या तिफणीवर ओली चादर घातली मुद्दाम. भांडलेसुद्धा नाहीत." अक्का एवढ्या काळजीत मी कधी बघितल्या नव्हत्या.

अकराव्या दिवशी वाढप्याचा फोन आला. अव्वा म्हणतेय, येऊन बघा.

पेरणी ही अशी गोष्ट आहे की हाताची चूक लपत नाही, दहा दिवसांनी हिरवी होऊन वर येते. पहिल्या चार फेऱ्यांत रागी मेंढराच्या लोकरीसारखी दाट उगवली होती. त्यापुढे दात पडलेल्या फणीसारखी: चार रोपं, मग हातभर मोकळी जमीन, मग एक रोप, मग काहीच नाही. अज्जीनं शेजारपाजारच्या बायकांनाही बघायला बोलावलं होतं. अण्णा बांधावर बसले. त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"अज्जी, मी तुमचं वर्ष घालवलं."

"कशानं घालवलं?" अज्जी म्हणाली. "दाट आहे तिथलं उपटायचं, नाही तिथं लावायचं. रागी आहे ती. माणसासारखी रुसून बसत नाही. अजून दहा-बारा दिवस जाऊ देत, मग पाऊस बघून ये. आणि एकटा येऊ नकोस, कमरेत मोडशील."

अण्णा खरंच गेले, अक्कांना घेऊन. सात दिवस रोज पहिल्या बसनं. मी रविवारी गेले तेव्हा बघितलं, अण्णा ओळीत बसून रोपं लावत होते आणि प्रत्येक दोन रोपांमधलं अंतर कॅलिपरनं मोजत होते. अज्जीनं मागून येऊन तो कॅलिपर काढून घेतला आणि ओटीत टाकला. "डोळे कशाला दिलेत?" पलीकडच्या ओळीत अक्का होत्या. त्या निम्मं रान पुढे गेल्या होत्या. आयुष्यभर रांगोळीचे ठिपके काढलेला हात, त्याला अंतर मोजावं लागत नव्हतं. अण्णा मधून मधून मान वर करून बायकोच्या ओळीकडे बघत होते, आणि मग आपल्या.

त्या वर्षी पीक बरं आलं. "रागी गुणाची म्हणून," असं अज्जीचं मत. तिनं एक पोतं पाठवलं आणि आम्ही महिनाभर मुद्दे, म्हणजे रागीच्या उकडीचे गोळे, खाल्ले.

पण अण्णांनी त्या हिवाळ्यापासून एक नवीन उद्योग सुरू केला. पोर्चमधली आपली बारा दात्यांची कुरी त्यांनी दोन स्टुलांवर उभी केली, बारा नळ्यांच्या खाली अक्कांचे बारा स्टीलचे पेले ठेवले, आणि चाड्यावर मूठ धरून वाळू सोडायला लागले. शंभर आकडे मोजायचे, मग बाराही पेले एका रांगेत ठेवून वाकून बघायचे, कुठला जास्त, कुठला कमी. सकाळी अर्धा तास, संध्याकाळी अर्धा तास. पाहुणे आले की अक्का बाहेर येऊन पेले मागायच्या आणि वाळू झटकून त्यातच कॉफी ओतायच्या. आमच्या सगळ्यांच्या दातांखाली त्या वर्षी थोडीफार वाळू गेली. सुरुवातीला एक पेला काठोकाठ आणि एक रिकामा असं असायचं. संक्रांतीच्या सुमारास फरक दोन बोटांवर आला, उन्हाळ्यात एका बोटावर. मी ऑफिसला निघताना विचारायचे, "कसं काय अण्णा?" तर म्हणायचे, "सातवा अजून उपाशी राहतोय."

हॉटेलांत जाऊन लोकांची अवजारं सुलटी करणं त्यांनी ह्या काळात बंद केलं होतं.

दुसऱ्या जूनमध्ये अज्जीचा निरोप आला. तिचं मनगट आता पक्कं जुळलं होतं, म्हणून मला वाटलं, हे आमंत्रण नुसतं बघायला यायचं. अण्णांनाही तसंच वाटलं असावं. ते नवीन नळ्यांचा एक जोड बरोबर घेऊन आले होते, लागल्यास म्हणून. बैल जुंपले. अज्जीनं बी ओटीत घेतलं आणि तीन फेऱ्या मारल्या. काय मूठ होती ती! हात हलतोय असंही वाटत नव्हतं. ती चालत होती, शेजाऱ्याशी त्याच्या सुनेबद्दल बोलत होती, आणि बी बारा नळ्यांतून पडत होतं. तिसऱ्या फेरीच्या शेवटाला ती थांबली, बियांची ती पिशवी तिनं अण्णांच्या कमरेला बांधली आणि ओटीतलं बी तिच्यात ओतलं.

"मी म्हातारी झाले," ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर म्हातारपणाचं काही दिसत नव्हतं.

अण्णांनी माझ्याकडे बघितलं, मग नळ्यांकडे, मग मूठ चाड्यावर धरली. ह्या वेळी अज्जी बाजूनं चालली नाही. बांधावर पाठ करून बसली आणि पान लावत राहिली. पिशवी आणि रान बरोबर एकाच वेळी संपलं की नाही, हे मला नीट दिसलं नाही. अण्णांनी शेवटी पिशवी उलटी करून झटकली, एवढं दिसलं.

घरी आल्यावर अक्कांनी दारातच विचारलं, "कसं झालं?"

ज्या माणसाकडे प्रत्येक गोष्टीचं उत्तर तयार असायचं, तो माणूस चपला काढत म्हणाला, "दहा दिवसांनी सांगतो."

दहाव्या दिवशी ते कोणाला न सांगता पहिल्या बसनं गेले. दुपारी परत आले, हातपाय धुतले, जेवले. अक्का वाढत होत्या. ताक पिऊन झाल्यावर अण्णा म्हणाले, "चप्पल घाल. तुला एक दाखवायचंय." एकाच दिवसात होसकोट्याला दुसऱ्यांदा. मी घरूनच काम करत होते त्या दिवशी. लॅपटॉप मिटला आणि गेले मागोमाग.

पाच वाजून गेले होते. गोदामांच्या भिंतींची सावली निम्म्या रानावर आली होती आणि उरलेल्या निम्म्यात कोवळी रागी उन्हात उभी होती. अज्जीच्या तीन फेऱ्या कुठे संपल्या आणि अण्णांच्या कुठे सुरू झाल्या, हे मी शोधायला लागले. बारकाईनं बघितलं तर एका ठिकाणी ओळी किंचित दाट होत्या, बस. अण्णा बांधावरच थांबले. अक्का चपला काढून आत गेल्या. दोन ओळींच्या मधून हळूहळू पार त्या टोकापर्यंत चालत गेल्या, तिथून वळल्या, दुसऱ्या दोन ओळींमधून परत आल्या. येऊन पायांची माती झटकली आणि म्हणाल्या, "सरी."

सरी म्हणजे कानडीत बरोबर, ठीक. आणि आमच्याकडे, मिरजेच्या बाजूला, सरी म्हणजे रानात ओढलेली ओळ. तो शब्द अण्णांनी माझ्याकडूनच घेऊन घरभर वापरून झिजवला होता.

"कुठली सरी?" अण्णांनी घाईघाईनं विचारलं. "कानडीतली का मराठीतली?"

"दोन्ही," अक्का म्हणाल्या, आणि शेवटची बस चुकेल म्हणून पुढे चालायला लागल्या.